गाडी किती खाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दसऱ्याच्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांचा पानभर तक्ता होता. सनरूफ आहे की नाही, टचस्क्रीन किती इंची, एअरबॅग किती, डिकीत सामान किती मावते, सगळे होते. इंधनाच्या वाट्याला एक रकाना आणि त्यात एक आकडा: मायलेज, किलोमीटर प्रति लिटर. हा आकडा खोटा नाही. पण गाडी घेणाऱ्याला ठरवण्यासाठी जे कळायला हवे ते त्यातून कळत नाही, आणि कोकणात तर तो पुष्कळदा भलत्याच गाडीकडे बोट दाखवतो. त्याच्या शेजारी गाडी बाळगण्याचा एकूण खर्चही छापावा, हे आमचे मागणे आहे. पत्र लांबले आहे, पण यातले हिशेब गाळले तर नुसती तक्रार उरेल.

‘गाडी किती देते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. गंमत अशी की गाडी काही देत नाही, ती खाते. आणि ‘किती देते’ असे विचारले की डोक्यातला हिशेब उलटा होतो. एक नेहमीचे घर घ्या. आंब्याची बाग आहे, पेट्या न्यायला डिझेल पिकअप आहे, बाजारहाटाला स्कूटर आहे. स्कूटर ४५ देते. दुसरी ५५ देणारी मिळते. पिकअप ११ देते. दुसरी १३ देणारी मिळते. घरात चर्चा कशाची होते? स्कूटरची, कारण तिथे फरक दहाचा आहे आणि पिकअपमध्ये नुसता दोनचा.

आता हिशेब. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. स्कूटर महिन्याला ६०० किलोमीटर फिरली तर १३.३ लिटरऐवजी १०.९ लिटर लागेल. वाचले सुमारे २५४ रुपये. पिकअप हंगामात महिन्याला २,००० किलोमीटर फिरली तर १८१.८ लिटरऐवजी १५३.८ लिटर, वाचले २८ लिटर, म्हणजे सुमारे २,५७५ रुपये. कोणी म्हणेल, पिकअप जास्त फिरते म्हणून असे दिसते. बरे, दोन्ही हजारच किलोमीटर फिरवा. स्कूटरचे चार लिटर वाचतात, पिकअपचे चौदा. पेटीमागे खत किती, फवारणी किती, वाशीपर्यंतचे भाडे किती हे पैशापैशाने सांगणारा बागायतदार इथे फसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. आकडाच तसा मांडलेला आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हेच दाखवले. तिथे गॅलनमागे मैल मोजतात, आपण लिटरमागे किलोमीटर, भ्रम तोच. माणसे मायलेजमधला फरक सरळ वजाबाकीने जोखतात, पण इंधन भागाकाराने खर्च होते. तोच आकडा ‘ठरावीक अंतराला किती इंधन’ असा उलटा करून दिला की बहुतेकांना योग्य गाडी ओळखता येते. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ अशीच पद्धत आहे. आपल्याकडेही ‘९.१’ आणि ‘७.७’ असे छापले असते, तर पिकअपमधला फरक लपला नसता. स्कूटरसाठी हेच आकडे २.२ आणि १.८.

दुसरा मुद्दा, हा आकडा येतो कुठून. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरावीक चक्रानुसार चालवतात. त्या चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, एसी बंद असतो आणि चढ नसतो. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायचे तर अशी परीक्षा लागतेच. तिच्यावर आक्षेप नाही. पण त्या परीक्षेत आंबा घाट नाही, कुंभार्ली नाही, आंबोली नाही, आणि गणपतीच्या आदल्या रात्रीचे माणगावही नाही.

घाटाचे गणित फार सोपे आहे. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना गाडी साधारण ६०० मीटर उंची चढते. माणसे-सामानासह गाडीचे वजन १,३०० किलो धरले, तर नुसते ते वजन वर उचलायला सुमारे ७६ लाख ज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल असतात. म्हणजे सपाटीवर तेवढ्याच अंतराला जे लागले असते त्याच्यावर आणखी जवळजवळ एक लिटर, एका चढणीचे. गाडी जितकी जड तितके हे जास्त. म्हणून मुंबईत १६ आणि १४ देणाऱ्या दोन गाड्यांमधले अंतर घाटात वाढते, आणि ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

उतारावर हे सगळे परत मिळते असे समजून पुष्कळजण गाडी न्यूट्रल करतात. हा घातक प्रकार तर आहेच, कारण सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. पण त्यात बचतही नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरत असल्या की इंधन पूर्ण बंद करतात. न्यूट्रल केले की इंजिन चालू ठेवायला पुन्हा इंधन सोडावे लागते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारा पेट्रोल घालवतो.

उतारावर थोडे खरोखर परत मिळते ते हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) आणि विजेच्या गाड्यांना, कारण त्यांची मोटर उतरताना जनित्र होऊन बॅटरी भरते. पण इथेही बारीक अट आहे. १,३०० किलोची गाडी ६०० मीटर उतरते तेव्हा दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते. उरलेली साठवायची, तर आपल्याकडच्या स्ट्राँग हायब्रिड एसयूव्हींची बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपासच असते. ती घाटाच्या मध्येच भरते, आणि पुढचा उतार इंजिन ब्रेकिंगवर काढावा लागतो. हायब्रिडचा खरा फायदा घाटापेक्षा वाहतूक कोंडीत आहे. साधी पेट्रोल गाडी एसी लावून उभी राहिली तर तासाला पाऊण ते एक लिटर जाळते. हायब्रिडचे इंजिन तिथे बहुतेक वेळ बंद असते. मुंबई–रत्नागिरी सुमारे ३४० किलोमीटर. १८ देणाऱ्या गाडीला १९ लिटर पुरायला हवेत. इंदापूर-माणगावच्या कोंडीत तीन तास गेले की तीन लिटर वाढतात आणि तीच गाडी साडेपंधरा देते. मग चाकरमानी म्हणतो गाडीला सर्व्हिसिंगची गरज आहे. छपरावर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्री बांधलेले सामान असेल, तर हवेचा विरोध वाढून आणखी उतरते, ते वेगळेच.

पेट्रोल स्वतःही बदलले आहे. आता पंपावर मिळते त्यात २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलच्या (ई-१०) पेट्रोलवर जुळवलेल्या चारचाकीची इंधनक्षमता २० टक्क्यांच्या (ई-२०) पेट्रोलवर ६ ते ७ टक्क्यांनी, तशाच दुचाकीची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. ई-१० साठी बनवून ई-२० वर जुळवलेल्या चारचाकीची १ ते २ टक्क्यांनी. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने जुन्या मालकाचा आकडा ऐकताना हे लक्षात ठेवावे. तो खोटे बोलत नसेल, पण त्याचा आकडा आधीच्या पेट्रोलचा असेल.

आता एक सवय, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण पेट्रोल लिटरने मागत नाही. स्कूटरवाला ‘दोनशेचं टाक’ म्हणतो, कारवाला ‘हजारचं’. त्यामुळे दर वाढला तरी बिल वाढत नाही. फक्त पंपावरची पुढची फेरी दोन दिवस आधी येते. हे कोणाच्या ध्यानात येत नाही. महिन्याअखेरीस विचारा, गॅस सिलिंडर कितीचा, मोबाईल रिचार्ज कितीचा, वीजबिल किती, सगळे तोंडपाठ असते. गाडीला किती गेले? ‘असेल तीन-चार हजार.’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या टरेंटाईन आणि कुरानी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५७ कुटुंबांशी सविस्तर बोलून पाहिले होते. गाडी घेताना इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब केलेले एकही कुटुंब त्यांना सापडले नाही. त्यात पैशाच्या हिशेबात मुरलेली माणसेही होती.

तेव्हा नवी गाडी बघण्याआधी हातात आहे ती गाडी मोजावी. टाकी फुल्ल करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथे थांबावे. ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ याला नाही म्हणावे. वरून टाकलेले पेट्रोल हिशेब तर बिघडवतेच, शिवाय टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी करू शकते. ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी करावी. आपल्याकडच्या पंपांच्या आवाराला उतार असतो आणि उतारावर टाकी वेगळी भरते. पुन्हा पहिल्या कटला थांबावे. बिलावरचे लिटर लिहावेत, रुपये नव्हे. असे किमान तीनदा. मग तिन्हींच्या सरासरीची सरासरी काढायची नाही. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागायचे. स्कूटर मेन स्टँडवर लावून भरावी. तिच्यात चार लिटर मावतात तिथे शंभर मिलिलिटरची चूक म्हणजे अडीच टक्क्यांची चूक, म्हणून तिच्या पाच-सहा फेऱ्या मोजाव्यात. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या सरासरीवर विसंबू नये, ती बहुतेक वेळा थोडी चढीच असते. आणि मोजणीच्या आधी टायरची हवा बघावी. ३३ हवी तिथे २५ पीएसआय असेल तर दोन-तीन टक्के तिथेच गेले.

ही मोजणी झाली की शोरूममध्ये जाता येते. तिथे बोलणे असते ते महिन्याच्या हप्त्याचे. ‘सर, वरचं मॉडेल घ्या, हप्त्यात फक्त अठराशेचा फरक.’ हप्ता महिन्याचा, इंधन लिटरचे, विमा वर्षाचा, टायर तीन-चार वर्षांचे. वेगवेगळ्या मापांत सांगितलेल्या खर्चांची बेरीज कोणी मनात करू शकत नाही, आणि विकणाऱ्याला ती व्हावी अशी घाईही नसते. म्हणून सगळे महिन्यावर आणावे.

पेट्रोल की सीएनजी हा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न. त्यातही मापाचा घोळ आहे. सीएनजी किलोने मिळतो. एका किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे ‘पेट्रोलवर १७ आणि सीएनजीवर २४’ ऐकून ते इंजिन जादा कार्यक्षम झाले असे समजू नये. तुलना एकच, किलोमीटरला रुपये. पेट्रोल १०५ रुपये आणि १७ किलोमीटर, म्हणजे ६.१८ रुपये. सीएनजी हिशेबापुरता ९० रुपये आणि २४ किलोमीटर, म्हणजे ३.७५ रुपये. किलोमीटरमागे २.४३ रुपये वाचले. गाडीच्या किमतीत ९० हजारांचा फरक धरला (तो ऑन-रोड किमतीतला धरावा, कारण पासिंगचा कर सीएनजीला कमी आहे), तर ३७ हजार किलोमीटरनंतर पैसे फिटले.

पण बहुतेक गाड्या कर्जावर असतात. ९० हजारांवर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १,८९० रुपये बसतो. त्याला २.४३ ने भागा: ७७८. महिन्याला पावणेआठशे किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याचे, कर्ज फिटेपर्यंत, सीएनजीमुळे दरमहा पैसे जातात. येत नाहीत. मास्तर, बँकेतले कारकून, घर आणि बाजार एवढीच फेरी असलेले निवृत्त, यांच्यापैकी कितीजण महिन्याला पावणेआठशे फिरतात? दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र दरमहा इंधनात ३,६४५ रुपये वाचतात आणि त्याने विचारही करू नये.

कोकणातला तिढा याच्या पुढे आहे. पंप. शहरात आणि महामार्गालगत सीएनजी मिळतो, पण पंपापासून पंचवीस किलोमीटर आत राहणाऱ्याचे काय? कंपनीने बसवलेल्या टाकीत साधारण ८ किलो भरतो. त्यात गाडी १९२ किलोमीटर जाते. त्यातले ५० किलोमीटर निव्वळ गॅस आणायला गेले, तर कामाचे उरले १४२. भरलेले ७२० रुपये १४२ वर पसरले की किलोमीटरला ५.०७ रुपये. वाचतात फक्त १.११. आता पैसे फिटायला ८१ हजार किलोमीटर लागतील, आणि हप्ता भरून निघायला महिन्याला सतराशे किलोमीटर. रांगेतला वेळ फुकट धरूनही. एरवी कामाला जाता-येता वाटेत पंप लागत असेल, तर हा वळसा शून्य. म्हणजे एकच गाडी, एकच तालुका, आणि दोन वाड्यांसाठी उत्तरे वेगळी. यात दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आणि गेलेली डिकी धरायची ती धरा. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने टाकीचे पट्टे आणि ब्रॅकेट गंजतात, ते सर्व्हिसिंगला दाखवून घ्यावेत.

डिझेलबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती वरचेवर आतल्या आत जाळून साफ व्हावी लागते आणि त्यासाठी इंजिन तापून गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग साठच्या पुढे चालावी लागते. वाडीतून बाजार, बाजारातून शाळा, शाळेतून घर अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, त्याही आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, ते होत नाही. दिवा लागतो, जोर कमी होतो, मग वर्कशॉपमध्ये यंत्र लावून काजळी जाळावी लागते. तेही वारंवार झाले की गाळणीच बदला. लिटरमागे वाचलेले तेरा रुपये त्यात कधीच बुडालेले असतात. रोज पन्नास-साठ किलोमीटर महामार्गाने जाणाऱ्यालाच डिझेल परवडते.

विजेच्या गाडीचे गणित उलट्या कारणाने चुकते. ‘फुल चार्जला किती जाते’ हाच प्रश्न सगळे विचारतात, किलोमीटरला किती पडते हे कोणी विचारत नाही. छोटी गाडी एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते असे धरू. महिन्याला ९०० किलोमीटरसाठी १३८ युनिट, चार्जिंगमधला क्षय मिळून १५५. युनिटला १२ रुपये धरले तर १,८६०. तेवढ्याच अंतराला वरच्या पेट्रोल गाडीला ५,५६२. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. घरचा वापर १२० युनिट असेल तर गाडीसह २७५ होतात, टप्पा ओलांडत नाही. घरचाच वापर २०० असेल तर ३५५. वरचे ५५ युनिट महागड्या टप्प्यात. म्हणून गाडीची वीज घराच्या सरासरी दराने मोजू नये, तिच्यामुळे जे युनिट वाढतात त्यांच्या दराने मोजावी. छतावर सौरपॅनेल असेल तर हा हिशेब पुन्हा बदलतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे, मात्र आपल्या चार महिन्यांच्या पावसात पॅनेल निम्मेशिम्मेच देते हे धरून चालावे.

आणि अर्थिंग. कातळावरच्या घरांत हा प्रश्न हटकून येतो. जांभा पाणी धरत नाही, मार्च-एप्रिलमध्ये तो खणखणीत कोरडा होतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. चार्जर तो ओळखतो आणि लाल दिवा दाखवून गप्प बसतो. गाडी बिघडली म्हणून शोरूमला फोन जातो, दोष निघतो अंगणातल्या खड्ड्यात. अर्थिंग नव्याने करायचा खर्च आणि १६ अँपिअरची स्वतंत्र लाईन गाडीच्या किमतीत धरावी. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर कोकणात किती दिवस अंधार होता हे विसरायचे नसेल, तर घरातली एकमेव गाडी विजेची असावी का हाही प्रश्न विचारून घ्यावा. दोन गाड्यांतली एक असेल तर मुद्दाच नाही.

आता आमच्याच मागणीविरुद्ध जाणारी गोष्ट, ती लपवणे बरे नव्हे. नुसती माहिती दिली की माणसे कमी खाणारी गाडी घेतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या काचेवरच्या लेबलवर वर्षाचा इंधनखर्च आणि सरासरी गाडीच्या तुलनेत पाच वर्षांत किती वाचतील किंवा जास्त जातील, हे छापणे सक्तीचे आहे. तरीही ऑलकॉट आणि निटेल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाडी घ्यायला निघालेल्यांना इंधनखर्चाची नेमकी माहिती देऊनही त्यांनी शेवटी घेतलेल्या गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. हे वाचून आपल्या जाहिरात विभागाला हायसे वाटेल.

पण दुसरा एक अभ्यास आहे, इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०१५ चा. त्यांनी काही लोकांना फक्त पाच वर्षांची इंधनबचत दाखवली, काहींना किंमत, इंधन वगैरे सगळे मिळून गाडी बाळगण्याचा एकूण खर्च दाखवला. पहिल्याने काही झाले नाही. दुसऱ्याने मात्र छोटी-मध्यम गाडी घेऊ पाहणाऱ्यांचा हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांकडचा कल वाढला. छोटी एसयूव्ही हवी असणाऱ्यांवर त्याचाही परिणाम नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. ज्याला उंच गाडीच हवी त्याला तक्ते दाखवून काय करणार. (आपल्याकडे तर ‘गावचे रस्ते’ हे कारण तयारच असते, आणि ते अगदीच खोटे नाही.)

आम्हाला यात नवल वाटत नाही. ‘इतके वाचतील’ हा आकडा हवेत असतो. कशाच्या तुलनेत वाचतील, आणि त्यासाठी आधी किती घालायचे, ते शेजारी नसते. दाभोळ–धोपावे फेरीबोटीचे बघा. गाडीचे तिकीट फलकावर लिहिलेले असते, आणि चिपळूणवरून वळसा घातला तर किती डिझेल जाईल हे चालकाला ठाऊक असते. दोन्ही आकडे रुपयांत, दोन्ही एकाच फेरीचे. तिथे कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही, गाडी सरळ जेटीवर जाते. शोरूममध्ये असे दोन आकडे शेजारी-शेजारी येतच नाहीत. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते, मग दहा लाखांच्या गाडीला एवढे का नसावे?

म्हणून आमचे मागणे शासनाकडे नंतर, आधी आपल्याकडे. येत्या गुढीपाडव्याच्या पुरवणीत मायलेजचा रकाना काढू नका, पण त्याच्या शेजारी आणखी थोडे छापा. प्रत्येक गाडीची ऑन-रोड किंमत आपल्या जिल्ह्यातली, मुंबईची नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० आणि विजेच्या गाड्यांना ५ टक्के जीएसटी असल्याने जुने फरक आता चालत नाहीत, त्यामुळे तक्ता नवाच करावा लागेल. मग पाच वर्षांचा एकूण खर्च: किंमत, कर्जावरचे व्याज, विमा, सर्व्हिसिंग, टायरचा एक संच, इंधन, त्यातून पाच वर्षांनी विकून येणारी रक्कम वजा. हा खर्च तीन वापरांसाठी द्यावा, महिन्याला ५००, १,००० आणि २,००० किलोमीटर, कारण वर दिसलेच की गाडीइतकाच वापरही निर्णय बदलतो. एकूण रकमेला ६० ने भागून महिन्याचा आकडा ठळक छापावा. तो हप्त्याशेजारी ठेवता येतो.

इंधनासाठी एआरएआयचा आकडा जसाच्या तसा वापरू नये. आमच्या अनुभवात घाट, एसी आणि गावचे रस्ते मिळून त्यातून २० ते २५ टक्के वजा केले की कोकणातल्या वापराच्या जवळ पोचतो. ज्या गाडीचे वाचकांनी वर सांगितल्याप्रमाणे मोजलेले आकडे मिळतील तिथे ते घ्यावेत. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक तालुक्यातून दहा-वीस गाड्यांचे तीन-तीन फुल्ल टाकीचे हिशेब मागवले, तरी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी यादी होईल. ती करायला आम्ही मदत करू.

दर बदलले की तक्ता शिळा होईल ही अडचण खरी. त्यासाठी कोणता दर धरला ते तळाशी छापावे, आणि शेवटच्या रकान्यात रुपये न देता हजार किलोमीटरला किती लिटर, किती किलो किंवा किती युनिट एवढेच द्यावे. त्या दिवशीचा दर पंपाच्या फलकावर असतोच. गुणाकार वाचक करील.

आपले,
गाड्यांच्या दुरुस्तीत आणि हिशेबात असलेले काही वाचक,
जि. रत्नागिरी